एकही चूक नसलेली चाचणी

१

खाणीतला सुरुंगवाला दगडाच्या ट्रकात, गोणपाटावर पडल्या पडल्या मेला. आणि संध्याकाळ व्हायच्या आत बाजाराने ठरवूनही टाकलं, की त्याला माझ्या सुनेने मारलं.

सुरुंगाने नाही मेला तो. छातीत कळ आली. सोबतच्यांनी उचलून दरीतल्या दवाखान्यात आणला. तिथे डॉक्टर रोज नसतो, एकटी सिस्टर असते. तिने मोठ्या इस्पितळातून अँब्युलन्स बोलवायला फोन उचलला, तर फोन मुका. शेवटी खाणीचा ट्रक रिकामा करून त्यात त्याला निजवला. ट्रक घाट चढून, उतरून शहरात आला तेव्हा आत मढं होतं.

दरीकडची टेलिफोनची लाईन तपासायचं काम माझ्या सुनेचं. टेलिफोनच्या मोठ्या कचेरीत ती असते. त्याच सकाळी तिने लाईन तपासली आणि साहेबांना कळवलं, ठणठणीत आहे. सिस्टर म्हणते, फोन पहाटेपासूनच मेलेला. आणि दुपार कलल्यावर, सगळं आटोपल्यावर, तो आपोआप जिवंत झाला. कोणी दुरुस्तीला गेलं नाही, कुठे बिघाड सापडला नाही.

आता मेलेल्या लाईनची चाचणी ठणठणीत कशी येईल? कचेरीने सरळ हिशेब मांडला. सिस्टर खोटं बोलत नाही, म्हणजे सून खोटी. चाचणी केलीच नाही बाईने, खुर्चीत बसून निकाल ठोकून दिला. तिला घरी बसवलं आणि परवा चौकशी ठेवली. चौकशीत दोषी ठरली तर नोकरी जाणार, आणि पुढचं पोलीस बघणार.

माझी लाँड्री कचेरीच्या समोरच आहे. एरवी गिऱ्हाईक कपडे देताना चार शब्द बोलतं. त्या संध्याकाळी बायका गाठोडी ठेवून तोंड फिरवून जायला लागल्या. एकीला मी म्हटलं, "अगं, बोलत नाहीस तर नको बोलू, पण पोलक्याला हुक नाही ते तरी बघून जा." गेली बापडी लाजून.

मुलगा माझा लांबच्या गाडीवर असतो. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ आला. त्याच कचेरीत तो केबलचा जॉइंटर. तुटलेल्या तारा जोडण्यात केस पांढरे झाले त्याचे. त्या दिवशी रजेवर होता. त्याने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, घाबरू नको, मामा आहे ना," म्हणाला. मग काय बोलावं हे सुचेना, तेव्हा म्हणाला, "ताई, आमच्याकडे नळ आला आज."

"मेल्या, इथे घर पेटलंय आणि तू नळाचं सांगतोस? बादली भरून आणली असतीस तर गोष्ट वेगळी."

तो ओशाळला. धुण्याचं गाठोडं नेहमीच्या कोपऱ्यात टाकून निघून गेला. सून भिंतीकडे बघत होती.

"खरं सांग," मी दार लावून म्हटलं. "केलीस की नाही चाचणी?"

"केली, आई."

"मग उठ. तोंड धू. चोर शोधायचाय."

२

"तुम्हाला नाही कळायचं ते, आई."

"मला न कळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तू रडतेस का. बाकीचं सांग."

मग तिने सांगितलं. कचेरीत एक यंत्र. तिथून केबल निघते ती घाटमाथ्यावरच्या चौकीत जाते. लांबून येऊन थकलेला आवाज तिथलं यंत्र पुन्हा ताजा करून पुढे पाठवतं. आणि खाली दरीत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत शेवटचं यंत्र. लाईन तपासायची म्हणजे हिने कचेरीतून त्या शेवटच्या यंत्राला हुकूम द्यायचा, लूप लाव. लूप लावला की त्याच्याकडे जे येईल ते तसंच्या तसं तो माघारी पाठवतो. मग ही इथून ठरलेले आकडे सोडते. ते दरीत जातात, वळतात, परत येतात. सोडलेलं आणि आलेलं यंत्र ताडून बघतं. वाटेत जेवढं बिघडलं तेवढ्या चुका.

"म्हणजे विहिरीत हाक मारायची आणि परत येते का ऐकायचं."

"तसंच."

"आली परत?"

"आली ना! एकही चूक नाही. दरीच्या लाईनचा इतका स्वच्छ निकाल मी कधी बघितला नव्हता. मी तर खूश झाले होते."

मी इस्त्री उभी करून ठेवली. "नेहमी चुका येतात?"

"दोन-चार येतातच. दरीच्या तोंडाशी केबलचा एक जुना सांधा आहे, ओल धरतो. मामा कधीचे साहेबांच्या मागे लागलेत, बदलू द्या म्हणून."

"हे बघ. खाणीच्या मुकादमाचा शर्ट माझ्याकडे येतो. त्याच्या कॉलरचा पिवळा पट्टा साबणाने जात नाही, सोड्याने जात नाही. उद्या तो शर्ट पांढराशुभ्र होऊन आला तर मी काय म्हणेन? वा, काय धुतलाय? छे. मी म्हणेन, हा मुकादमाचा शर्टच नव्हे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी हाक त्या ओल्या सांध्यापर्यंत गेलीच नाही. विहिरीत मध्येच कोणी फळी टाकली, तर हाक फळीवरूनही परत येते. वरच्याला काय कळणार तळ लागला की फळी!"

सुनेने तोंड पुसायला उचललेला पदर तसाच हातात राहिला. मग सावकाश बोलायला लागली. "घाटमाथ्यावर... चौकीतल्या यंत्रावर हातानेही लूप लावता येतो. अंगठ्याएवढा प्लग असतो. तो खोचला की इकडून गेलेलं तिथूनच मागे फिरतं. आणि आई, पुढे लाईन तुटली तर कचेरीत लाल दिवा लागायला हवा. पण प्लग खोचला की आमच्या यंत्राला आपलाच आवाज परत मिळतो. त्याला वाटतं, पलीकडे माणूस आहे. दिवा हिरवाच राहतो."

"झालं तर मग."

"झालं नाही." तिने मान खाली घातली. "हुकूम द्यायच्या आधी बघायचं असतं, काही परत येत नाही ना. लूप लावलेला नसताना आलं, तर समजायचं मध्ये घोळ आहे. साहेब घाई करत होते, तपासणीला वरची माणसं यायची होती. मी नाही बघितलं."

"ते चौकशीत सांगायचं?"

"सांगणार. माझी चूक आहे ती."

"सांग. तुझ्या वाटची चूक तू सांग. पण फळी टाकणाऱ्याने आपली सांगायला नको?"

३

सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही दरीत उतरलो. दवाखान्याच्या पायरीवर सिस्टर पट्ट्या वाळत घालत होती. सुनेला बघून तिचा चेहरा आक्रसला.

"जबानी बदलायला आला असाल तर आल्या वाटेने परत जा. माझ्या हातावर माणूस गेला."

"बदलायला नाही, पुरी ऐकायला आलोय," मी म्हटलं. "तू खरंच बोललीस. ही पण खरंच बोलली. दोघी खऱ्या असाल तर तिसरा कोणी तरी लबाड आहे, त्याला शोधतेय. पहाटे फोन कशाला उचलला होतास?"

ती जरा नरमली. "माझी आई शहरात एकटी असते. पहाटेची गोळी विसरते. रोज उठवते मी तिला फोनवरून."

"तर उचललास तेव्हाच मुका होता?"

"नाही हो. लागला होता की. आई नेहमीप्रमाणे मलाच ओरडत होती, झोपमोड केलीस म्हणून. बोलता बोलता तुटला. सुरी फिरवल्यासारखा."

सुनेने माझा दंड धरला. "यंत्र बिघडलं असतं तर आधी खरखर झाली असती, आई. हे केबल तुटल्याचं लक्षण आहे."

"आणि परत कसा आला? आपोआप?"

"सगळे आपोआप म्हणतात खरं," सिस्टर चाचरली. "ट्रक जाऊन बराच वेळ झाला होता. मी रिकाम्या खाटेवर बसले होते. घंटी वाजली. उचलला तर एका पुरुषाचा आवाज: 'येतंय का ऐकू?' मी म्हटलं, येतंय. त्याने ठेवला. मला वाटलं, कचेरीतला कोणी असेल."

"कचेरीतून कोणालाच पाठवलं नव्हतं," सून म्हणाली.

म्हणजे तार आपोआप तुटली नव्हती, आणि आपोआप जुळलीही नव्हती. कोणा माणसाने ती जोडली होती, आणि जोडून गप्प बसला होता.

४

साहेबांना सगळे इस्त्रीवाले साहेब म्हणतात. पँटची घडी अशी की भाजी चिरावी. ती घडी मीच घालते, त्यामुळे मला त्यांची भीती वाटत नाही. पण संशय होता. लाईन लवकर तपासून मोकळी करा अशी घाई त्यांनीच केली होती, आणि सुनेवर बालंट आलं तेव्हा एक शब्द बोलले नव्हते.

धुतलेले शर्ट हातावर घेऊन मी सरळ त्यांच्या खोलीत शिरले. मागून सून.

"मावशी, कपडे घरी द्यायचे असतात."

"घरी दिले तर बाईसाहेब घेतात आणि दार लावतात. मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही पहाटे कुठे होतात त्या दिवशी?"

"काय?"

"दरीचा फोन तुटला तेव्हा."

त्यांना राग आला, मग बहुतेक गंमत वाटली. "इथेच होतो. वरची माणसं येणार म्हणून पहाटेच आलो. रात्रपाळीचा ऑपरेटर साक्षीला आहे. उलट तोच म्हणाला, पहाटे दरीचा लाल दिवा लागला होता, मग थोड्या वेळाने हिरवा झाला. म्हटलं, येतं जातं ओलीमुळे."

"साहेब," सून म्हणाली, "लाल लागला तेव्हा केबल तुटली. हिरवा झाला तेव्हा कोणी तरी घाटमाथ्यावर प्लग खोचला. तेवढा वेळ त्याला चौकीपर्यंत जायला लागला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सिद्ध करू शकतेस?"

"मी यंत्राला हात लावू शकत नाही. तुम्हीच घरी बसवलंय. पण तुम्ही लावू शकता. दोनदा चाचणी घ्या. एकदा लूप दरीत, एकदा घाटमाथ्यावर."

मानलं पाहिजे, माणूस हट्टी असला तरी कामाचा पक्का. शर्टाच्या बाह्या दुमडून स्वतः यंत्रापाशी बसले. माझ्या इस्त्रीचं वाटोळं झालं. सून हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि तोंडाने सांगत गेली. आधी बघा काही परत येत नाही ना. नाही येत? आता हुकूम द्या. दरीत लूप लागला. आकडे गेले, आले. यंत्राने चुका दाखवल्या. मोजक्याच, पण होत्या.

मग साहेबांनी घाटमाथ्यावरच्या चौकीदाराला फोन केला. "मधला प्लग खोच. हां, तोच." पुन्हा आकडे सोडले. आम्ही तिघंही त्या पडद्याकडे डोळे लावून होतो.

एकही चूक नाही.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "हाच निकाल तू त्या दिवशी दिला होतास." घसा साफ केला. "चाचणी तू केली होतीस. मी माझे शब्द मागे घेतो."

"ते चौकशीत घ्या," मी म्हटलं. "इथे भिंतींनी ऐकून काय उपयोग?"

"मावशी, समितीला एवढं पुरणार नाही. ते म्हणतील, प्लग हिनेच कोणाकरवी खोचला असेल. माणूस दाखवा म्हणतील."

माणूस मला दिसायला लागला होता. साहेबांनी फोनवर नुसतं सांगितलं, आणि चौकीदाराने बिनचूक प्लग खोचला. याचा अर्थ त्याला ते येत होतं.

५

चौकी म्हणजे दगडी खोली, लोखंडी दार, आत यंत्राची घरघर आणि बाहेर चौकीदाराची खाट. त्याने आम्हाला बघून टोपी चढवली.

"मी त्या दिवशी दिवसभर इथेच होतो, मावशी. हललो नाही. चिटपाखरू फिरकलं नाही."

मी अजून काही विचारलंही नव्हतं! न विचारता जो उत्तर देतो, त्याने रात्रभर पाठांतर केलेलं असतं. सून तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला आणि खाटेवर बैठक मारली.

"असणारच हो. तुमच्यासारखी इमानी माणसं आता कुठे राहिली! मला आपलं त्या सुरुंगवाल्याचं वाईट वाटतं. इथूनच गेली असेल ना त्याची अँब्युलन्स?"

"इथूनच की." त्याने सुस्कारा सोडला. "डोळ्यांसमोरून गेली. भोंगा असा वाजत होता की काळजाचं पाणी झालं. मी हात जोडले."

"हात जोडलेत?"

"जोडले, मावशी."

"कोणाला जोडलेत? अँब्युलन्स आलीच नव्हती. तिला बोलवायला फोन नव्हता, म्हणून तर माणूस मेला. दगडाच्या ट्रकातून नेला त्याला. ट्रकाला भोंगा असतो का रे, लबाडा?"

त्याचा चेहरा असा उतरला जणू कोणी मांजा कापला. खाली बसला. आणि मग भडाभडा बोलला. लेक बाळंत होणार होती, आदल्या संध्याकाळीच तिच्या गावी गेला होता. रजा मागितली असती तर मिळाली नसती. दुसऱ्या दिवशी अंधार पडताना परत आला. त्या दिवशी प्लग कोणी खोचला, हे त्याला माहीत नव्हतं.

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

"मुलगी."

"बरं झालं. बापासारखी खोटारडी निघू देऊ नका. आता सांगा, तुम्ही जाता तेव्हा दाराची चावी कुठे असते? खिशात?"

"छे. मध्येच यंत्र बोंबललं तर दार उघडायला कोणी तरी हवं. चौकी उघडी टाकता येत नाही, म्हणून मी गेलो की चावी खाली दरीच्या अंगाला पहिल्या घरी ठेवतो. नेहमीचं आहे आमचं. कचेरीचाच माणूस आहे, त्याला यंत्राचंही कळतं. मला प्लग खोचायलाही त्यानेच शिकवलं."

सून माझ्याकडे बघेना. घाटाखालचं पहिलं घर कोणाचं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. वास्तूला मी स्वतः लुगडं नेलं होतं तिथे.

६

घाट उतरताना मी सुनेच्या पुढे झपाझप चालत होते. डोक्यात मात्र सगळं आपल्या जागी बसत होतं, आणि प्रत्येक गोष्ट बसताना टोचत होती. भावाचं गाठोडं मी सकाळीच उघडलं होतं. शर्टाच्या बाह्यांना ते चिकट, पिवळं वंगण होतं, केबलच्या आत भरलेलं असतं ते. रॉकेलशिवाय निघत नाही. मी सवयीने वेगळं काढून ठेवलं. शर्ट रजेच्या दिवशीचा आहे, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

भावजय दारातच भेटली. "या या, वन्सं! बघा, नळ आला आमचा!" तिने कौतुकाने तोटी सोडून दाखवली. रस्त्यापलीकडून अंगणापर्यंत चर खणून नव्याने बुजवलेला होता. माती अजून बसली नव्हती.

"कधी खणलंत हे?"

"अहो, त्या दिवशी पहाटे. दिवसा गाड्या असतात ना रस्त्यावर. यांनी मशीन आणलं होतं ओळखीच्याचं."

भाऊ आतून आला. माझं तोंड बघितलं आणि तिथेच थांबला. लहानपणी काही फोडलं की असाच थांबायचा.

"बाई, तू चहा ठेव," मी भावजयीला म्हटलं. ती गेली. "धाकट्या, बस."

"ताई, मी..."

"बस म्हणते ना. रस्त्याखालून केबल जाते हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. मीच पुरलेली आहे." तो उंबऱ्यावर बसला. "मला वाटलं, पलीकडच्या अंगाला आहे. मशीनच्या दाताला आली तेव्हा कळलं. ताई, जॉइंटरच्या घरच्या नळापायी केबल तुटली म्हटल्यावर कोण सोडतो? सहा महिन्यांत निवृत्ती आहे माझी."

"म्हणून चौकीत जाऊन प्लग खोचलास."

"दिवा लाल राहिला असता तर साहेबांनी माणसं शोधायला पाठवली असती, ती माझ्याच दारात आली असती. म्हटलं, प्लग लावला की कोणाला कळणार नाही, दुपारपर्यंत जोडून टाकतो. एवढे जोड असतात, एकेक तार हुडकून... घाई नाही करता येत. दरीतला फोन रोज कोण वापरतं?"

"ज्याचा जीव जातो तो वापरतो."

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सून अंगणात उभी होती. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात."

तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, रागावतील आणि सोडून देतील. नवी आहेस. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे, दुसरी नोकरी..."

"आणि पोलीस?" मी विचारलं. "ते पण नवी म्हणून सोडतील? तू तुझ्या निवृत्तीसाठी माझ्या घरातली पोर जाळायला काढलीस."

"ताई, तू माझी बहीण आहेस. आईच्या माघारी तूच मला वाढवलंस. तू कोणाला सांगायचं ठरवलंस तर मी काही करू शकत नाही. पण तू सांगशील?"

भावजय चहा घेऊन दारात आली. तिने ऐकलं होतं. कपबश्या तिने तिथेच खाली ठेवल्या.

"सख्खा भाऊ तो!" ती म्हणाली. "परक्या घरातून आलेल्या पोरीसाठी..."

"तू कुठून आलीस मग, आभाळातून? तू पण परक्या घरातूनच आलीस, आणि आज बघ कशी नवऱ्यासाठी भांडतेस. ती माझ्यासाठी अशीच भांडेल." मी उठले. "धाकट्या, मी काही सांगणार नाही."

त्याने मान वर केली.

"तू सांगणार आहेस. उद्या सकाळी मी तुला न्यायला येते. धुतलेला शर्ट घाल."

७

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात गेले तेव्हा तो तयार होता. भावजयीने खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. वाटेत तो एकदा थांबला आणि म्हणाला, "ताई, आधी चहा घेऊ का?" मी म्हटलं, "नंतर घे. चाल."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे वरची माणसं, अलीकडे सिस्टर, साहेब, चौकीदार. एका कडेच्या खुर्चीत सुरुंगवाल्याची बायको. तिला कोणी तरी बोलावलं होतं आणि मग विसरून गेले होते.

साहेबांनी आधी सांगितलं. दोन चाचण्या, एक चुकांची आणि एक स्वच्छ. मग सून उभी राहिली. तिने आपली चूकही सांगितली, कोणी विचारण्याआधी: हुकूम देण्यापूर्वी मी बघायला हवं होतं, बघितलं नाही, बघितलं असतं तर सकाळीच सगळं बाहेर आलं असतं. तिचा आवाज कापला नाही. मला बरं वाटलं.

"पण मध्ये लूप लावला कोणी?" मधल्या माणसाने विचारलं.

मी भावाच्या पाठीला हात लावला नाही, ढकललंही नाही. नुसती बघत राहिले. तो उभा राहिला तेव्हा त्याची खुर्ची मागे पडली.

त्याने सगळं सांगितलं. नळ, मशीन, प्लग, चावी. प्लग काढल्यावर चौकीतून 'येतंय का ऐकू' विचारलं ते आपणच, हेही. सिस्टरने तोंडाला पदर लावला. चौकीदार आपल्या चपला बघत बसला. मधला माणूस म्हणाला, या बाईंवरचा ठपका काढून टाका. सुनेच्या खांद्यांवरून काही तरी उतरलं ते मला बसल्या जागेवरून दिसलं.

मला वाटलं, संपलं. पण कडेच्या खुर्चीतून ती बाई उठली. टेबलाकडे बघितलं नाही तिने. सरळ माझ्या भावासमोर येऊन उभी राहिली.

"ट्रकात मी होते," ती म्हणाली. "त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घाटाच्या खाली रस्त्याच्या कडेला एक माणूस खड्ड्यात बसला होता. तारा जोडत."

भावाने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली.

"ट्रक थांबला होता, तुमची माती रस्त्यावर होती म्हणून. ड्रायव्हर ओरडला, आजारी माणूस आहे. तेव्हा जिवंत होते ते. पाणी मागत होते." तिने त्याच्या हातांकडे बघितलं. "तो तुम्हीच ना?"

"मीच," माझा भाऊ म्हणाला. "मी फावड्याने माती बाजूला केली. हात दाखवून ट्रकला वाट दिली."

"मग काय केलंत?"

"पुन्हा खड्ड्यात उतरलो. सात-आठ तारा राहिल्या होत्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. तो तसाच उभा होता, त्याची खुर्ची मागे आडवी पडलेली. त्याला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मीही म्हटलं नाही.